द्वीपीय ग्रामसमूह आणि हवामान बदलाशी अनुकूलन : फिजीमधील लोकपुढाकाराचे स्वरूप व मर्यादा

सारांश

हवामान बदलाचे परिणाम सर्वप्रथम भोगणाऱ्या समाजांमध्ये लहान बेटांवरील ग्रामीण समाजांचा समावेश होतो. या समाजांनी स्वतःच्या पुढाकाराने केलेल्या अनुकूलनाच्या प्रयत्नांना अलीकडील काळात 'लोकपुढाकारातून अनुकूलन' असे संबोधले जाते. प्रस्तुत लेखात दक्षिण पॅसिफिकमधील फिजी या द्वीपराष्ट्रातील उथुनीवानुआ, वुनिन्दोंगोलोआ व नारिकोसो या तीन गावांच्या आधारे या संकल्पनेचे विवेचन केले आहे. लोकपुढाकाराचे यश केवळ सहभागाच्या प्रमाणावर ठरत नाही. जमीन व किनाऱ्यालगतचे पाणी यांवर गावाचा हक्क किती आणि निर्णयाचा अधिकार कोणाच्या हाती, यावर ते मुख्यत्वे अवलंबून असते. तथापि हाच हक्क 'समूह' या शब्दाची मर्यादाही निश्चित करतो आणि त्या मर्यादेबाहेर राहणाऱ्यांचा प्रश्न अनुत्तरित राहतो, असा या लेखाचा प्रतिपाद्य विषय आहे.

बीजशब्द : हवामान बदल, अनुकूलन, द्वीपीय समाज, सामूहिक जमीनधारणा, नियोजित स्थलांतर, फिजी

प्रस्तावना

हवामान बदलाविषयीच्या चर्चेत 'उपशमन' व 'अनुकूलन' असे दोन मार्ग सांगितले जातात. हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करणे म्हणजे उपशमन, तर जे बदल घडून आले आहेत व जे अटळ आहेत त्यांच्याशी जीवनक्रम जुळवून घेणे म्हणजे अनुकूलन होय. औद्योगिक राष्ट्रांच्या दृष्टीने पहिला मार्ग महत्त्वाचा असला, तरी ज्या देशांचे जागतिक उत्सर्जनातील प्रमाण नगण्य आहे त्यांच्यापुढे प्रत्यक्षात दुसराच मार्ग उरतो. पॅसिफिक महासागरातील बेटे ही या वर्गात मोडतात.

आंतरशासकीय हवामान बदल मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. २००६ ते २०१८ या काळात वाढीचा वेग वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर इतका होता. परंतु ही वाढ सर्वत्र सारखी नसते. वारे, सागरी प्रवाह व पाण्याचे तापमान यांमुळे पश्चिम पॅसिफिकमध्ये १९९३ नंतरच्या दशकांत ती जागतिक सरासरीपेक्षा अधिक आढळली. फिजीलगतच्या समुद्रात उपग्रहांनी या काळात नोंदविलेला वेग वर्षाला सुमारे ६ मिलिमीटर होता. काही मिलिमीटरांची ही वाढ वरकरणी किरकोळ भासते. मात्र उधाणाची भरती व चक्रीवादळ यांची तिला जोड मिळाली, की खारे पाणी अळूच्या वाफ्यांत शिरते, विहिरी मचूळ होतात आणि किनाऱ्याची वाळू वाहून जाते. समुद्रपातळीतील वाढ गावकऱ्यांच्या अनुभवास येते ती अशा स्वरूपात.

फिजीची निवड येथे दोन कारणांनी केली आहे. एक म्हणजे, गावाच्या स्थलांतरासंबंधी शासकीय मार्गदर्शक तत्त्वे तयार करणाऱ्या अगदी पहिल्या देशांपैकी हा एक आहे. दुसरे म्हणजे, येथील सामूहिक जमीनधारणेची पद्धत आजही कायद्याने टिकून असल्यामुळे लोकपुढाकार आणि हक्क यांचा परस्परसंबंध तेथे स्पष्टपणे तपासता येतो. (फिजीयन भाषेतील नावे व संज्ञा येथे उच्चारास जवळच्या रूपात दिल्या आहेत.)

फिजीची भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

फिजीमध्ये ३०० हून अधिक बेटे असून त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश बेटांवर मनुष्यवस्ती आहे. विती लेवू व वानुआ लेवू ही दोन मोठी बेटे डोंगराळ असून ज्वालामुखीजन्य आहेत. २०१७ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या ८,८४,८८७ होती आणि तिच्यातील सुमारे ४४ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. किरिबाती किंवा तुवालू यांसारख्या सखल कंकणद्वीपांच्या तुलनेत फिजीची स्थिती एका बाबतीत अनुकूल आहे. येथे किनाऱ्यामागे उंच जमीन आहे. गाव हलवायचे झाल्यास ते देशाबाहेर न्यावे लागत नाही, बहुधा दोन-तीन किलोमीटर मागे नेता येते.

ग्रामीण जीवनाचा पाया 'वानुआ' या संकल्पनेत आहे. हा शब्द जमीन, तिच्यावर राहणारे लोक, त्यांचे पूर्वज व त्यांची रीत या सर्वांना मिळून वापरला जातो. जमिनीची मालकी व्यक्तीकडे नसते. ती 'मातांगाली' नावाच्या कुलसमूहाकडे असते. मराठी ग्रामजीवनातील 'भावकी' या शब्दाने तिची काहीशी कल्पना येऊ शकेल. मात्र भावकीतील जमीन वाटण्या होऊन खासगी झाली, तर मातांगालीची जमीन एकत्रित राहिली. ब्रिटिश वसाहतीचे पहिले कायम गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांनी १८७५ नंतर मूळनिवाशांच्या जमिनीची विक्री थांबविली व पुढे ही व्यवस्था कायद्यात बांधली गेली. आजही देशातील सुमारे ८७ टक्के जमीन मूळनिवासी फिजीयनांच्या, म्हणजे इ-तौकेई लोकांच्या सामूहिक मालकीची आहे. ती विकता येत नाही, भाडेपट्ट्याने मात्र देता येते.

किनाऱ्यालगतच्या पाण्याची स्थिती थोडी निराळी आहे. समुद्रतळ शासनाच्या मालकीचा असला तरी ठरावीक टापूत मासेमारीचा परंपरागत हक्क स्थानिक समूहाला असून तो नोंदणीकृत आहे. अशा टापूला 'गोलीगोली' म्हणतात. गावाचा कारभार 'बोसे वाकोरो' या ग्रामसभेत ठरतो, 'तुरांगा नी कोरो' हा गावकामगार शासनाशी संपर्क ठेवतो आणि सार्वजनिक काम 'सोलेसोलेवाकी' या प्रथेने, म्हणजे सर्वांनी मिळून व मजुरी न घेता केले जाते. आपल्याकडील सावड व इर्जिक यांच्याशी या प्रथेचे साम्य उघड आहे.

येथे एक ऐतिहासिक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. किनाऱ्यावरील गाव हे फिजीयन जीवनाचे अनादि रूप नव्हे. सुमारे चौदाव्या शतकापासून अनेक समूह परस्परांतील संघर्षामुळे डोंगरमाथ्यावरील तटबंद वस्त्यांत राहत होते, असे पुरातत्त्वीय संशोधन सांगते. १८३५ पासून आलेले ख्रिस्ती धर्मप्रसारक आणि १८७४ नंतरची वसाहतसत्ता या दोहोंना पोहोचण्यास सोपी अशी किनारी गावे सोयीची होती. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात अनेक वस्त्या खाली समुद्रकाठी आल्या. म्हणजेच आज संकटात आलेल्या अनेक गावांची जागा ही बाहेरील सत्तेच्या सोयीनेही ठरलेली आहे. समुद्रकाठापासून मागे सरकणे हा त्या समाजाच्या इतिहासातील पहिला स्थानबदल नव्हे.

उथुनीवानुआ : पाण्यावरील हक्क व गावाने केलेले मोजमाप

विती लेवू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील वेराता भागात उथुनीवानुआ हे गाव आहे. येथील चिखलपट्टीत व सागरी गवतात मिळणारी 'काइकोसो' ही शिंपली गावाच्या आहाराचा व उत्पन्नाचा आधार होती. ती गोळा करण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करीत. १९९० च्या दशकात शिंपल्यांची संख्या व आकार दोन्ही घटले. गावप्रमुखांचा मुलगा तेव्हा सुवा येथील दक्षिण पॅसिफिक विद्यापीठात शिकत होता. त्याने आपल्या गावाची अडचण विद्यापीठातील अध्यापकांपुढे मांडली व तेथून या प्रयोगास आरंभ झाला.

१९९७ मध्ये गावाने २४ हेक्टरांचा टापू तीन वर्षांसाठी 'ताम्बू' म्हणून घोषित केला. ताम्बू म्हणजे निषिद्ध. एखाद्या प्रमुखाच्या निधनानंतर मासेमारीचा एक टापू काही काळ बंद ठेवण्याची जुनी रूढी होतीच. देवराईतील झाडास कोयता न लावण्यामागे जसे केवळ शासकीय नियमाचे भय नसते, तशीच या बंदीमागे प्रमुखाच्या व पूर्वजांच्या शब्दाची प्रतिष्ठा होती. नव्या प्रयोगात भर पडली ती मोजमापाची. २० गावकऱ्यांच्या गटाला अध्यापकांनी सर्वेक्षणाची सोपी रीत शिकविली. किनाऱ्यापासून ५०० मीटर लांबीची रेषा आखायची आणि दर १० मीटरवर एक चौरस मीटर जागेतील शिंपल्या मोजून त्यांच्या आकाराची नोंद ठेवायची, असे तिचे स्वरूप होते. हेच मोजमाप बंदी नसलेल्या लगतच्या टापूतही करण्यात आले.

१९९७ ते २००४ या सात वर्षांत बंद टापूतील शिंपल्यांची संख्या सुमारे १३ पट व लगतच्या खुल्या टापूत सुमारे ५ पट वाढली. बंद टापूत तयार झालेली पिलावळ प्रवाहासोबत खुल्या टापूत पोहोचत असल्याने बंदीचा लाभ मासेमारीलाही मिळाला. हे निष्कर्ष गावकऱ्यांनी स्वतःच्या नोंदींवरून पडताळले असल्यामुळे तीन वर्षांची बंदी पुढे अनिश्चित काळासाठी वाढविण्यात आली. शेजारील गावांनी हा मार्ग उचलला, २००१ मध्ये अशा गावांचे देशव्यापी जाळे उभे राहिले आणि २००२ मध्ये त्यास संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाशी संबंधित 'इक्वेटर पुरस्कार' मिळाला.

या उपक्रमाचा मूळ हेतू हवामान बदल हा नव्हता, अतिमासेमारी हा होता. तरीही अनुकूलनाच्या अभ्यासात त्यास महत्त्व आहे. सुस्थितीतील प्रवाळभित्ती, सागरी गवत व कांदळवन लाटांचा जोर मोडतात आणि आपत्तीनंतर अन्नाचा साठा म्हणून उपयोगी पडतात. २० फेब्रुवारी २०१६ रोजी 'विन्स्टन' या पाचव्या श्रेणीच्या चक्रीवादळाने फिजीत ४४ बळी घेतले व शेती भुईसपाट केली. त्यानंतर काही गावांनी आपले ताम्बू टापू मर्यादित काळासाठी खुले करून अन्न व रोख पैसा यांची गरज भागविली. बंदी घालण्याचा अधिकार ज्यांचा, ती उठविण्याचा अधिकारही त्यांचाच असल्यामुळे हा निर्णय गावातच होऊ शकला.

संरक्षक भिंतींचा अनुभव

किनारा खचू लागला की बहुतेक गावे प्रथम भिंतीची मागणी करतात. भिंत डोळ्यांना दिसते, ती बांधल्याचे समाधान शासनास व देणगीदारांनाही मिळते. परंतु ग्रामीण पॅसिफिकमधील अशा भिंतींचा अनुभव उत्साहवर्धक नाही. भूगोलतज्ज्ञ पॅट्रिक नन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविल्याप्रमाणे अनेक भिंती अल्पावधीतच ढासळतात. लाट भिंतीवर आपटून परतताना पायाखालची वाळू उपसून नेते, भिंतीच्या दोन्ही टोकांपलीकडील किनाऱ्याची धूप वाढते आणि भिंत ओलांडून आत आलेले पाणी परत समुद्रात जाऊ शकत नाही. भिंत एकदा बांधली जाते. दुरुस्तीसाठी मात्र गावाजवळ पैसा नसतो व देणगीदाराचा प्रकल्पही संपलेला असतो.

यावर उपाय म्हणून दगडांचा उतरता बांध, त्याच्या समुद्राकडील बाजूस कांदळवनाची लागवड व जमिनीकडील बाजूस वाळ्याच्या गवताची रांग अशी मिश्र रचना अलीकडे फिजीत स्वीकारली जात आहे. वाळ्याची मुळे खोल जाऊन माती धरून ठेवतात. या रचनेसाठी लागणारी रोपे, दगड व श्रम स्थानिक असल्यामुळे ती मोडल्यास गावकरी सोलेसोलेवाकीने दुरुस्त करू शकतात. तिचा लाभ कमी खर्चात जसा आहे, तसाच तो तिच्या देखभालीचे ज्ञान गावातच राहते यातही आहे. अर्थात जेथे किनारा वेगाने मागे सरकत आहे तेथे हा उपायही काही काळापुरताच ठरतो आणि शेवटी स्थलांतराचा प्रश्न उभा राहतो.

वुनिन्दोंगोलोआ : स्वतःच्या जमिनीवर स्थलांतर

वानुआ लेवू बेटावरील थाकाउंद्रोवे प्रांतात वुनिन्दोंगोलोआ हे गाव होते. भरतीचे पाणी घरांत शिरणे, भिंती बांधणे व त्या ढासळणे, घरे मागे सरकविणे हा क्रम तेथे अनेक वर्षे चालला होता. २००६ मध्ये गावाने शासनाकडे स्थलांतरासाठी साहाय्य मागितले. प्रत्यक्ष स्थलांतर जानेवारी २०१४ मध्ये झाले. सुमारे दोन किलोमीटर आत, उंचावर सुमारे ३० घरे उभारण्यात आली व सुमारे १५० लोक तेथे राहावयास गेले. नव्या वसाहतीस गावकऱ्यांनी 'केनानी' हे नाव दिले. बायबलमधील वचनदत्त भूमी 'कनान' हिचे ते फिजीयन रूप आहे.

या स्थलांतराची वैशिष्ट्ये अशी सांगता येतील. पहिले, नवी जागा गावाच्या स्वतःच्या परंपरागत जमिनीत होती. त्यामुळे जमीन मिळविण्यासाठी कोणापुढे याचना करावी लागली नाही. दुसरे, मागणी गावाकडून आली होती. तिसरे, गावाने आपल्या जंगलातील लाकूड व श्रम देऊन खर्चाचा लक्षणीय वाटा उचलला, त्यामुळे शासनाशी बोलताना गाव केवळ लाभार्थी नव्हते. चौथे, मत्स्यतळी, अननसाची लागवड, गुरे व खोबरे वाळविण्याच्या सोयी यांच्याद्वारे उपजीविकेचाही विचार झाला. पाचवे, जुनी जागा चालण्याच्या अंतरावर राहिल्याने समुद्राशी व पूर्वजांच्या भूमीशी असलेला संबंध तुटला नाही. नवी जागा रस्त्याजवळ असल्याने शाळा, दवाखाना व बाजार जवळ आले.

तथापि उणिवाही राहिल्या. नव्या घरांच्या आराखड्यात स्वयंपाकघराचा समावेश नव्हता. घरांची संख्या, छपरांची मजबुती व पाण्याची सोय यांचा विचार झाला, परंतु घरातील ज्या जागेत स्त्रियांचा दिवस जातो ती जागा आराखड्यातून निसटली. हा दोष पैशाच्या टंचाईतून आला की दृष्टीच्या, हे ठरविणे येथे महत्त्वाचे नाही. ग्रामसभेत निर्णय झाला म्हणजे गावातील सर्वांचे म्हणणे त्यात आले असे गृहीत धरता येत नाही, हे त्यातून स्पष्ट होते. तसेच २००६ ची मागणी २०१४ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे पुढाकार गावाचा असूनही कालगणना शासनाची होती, हेही नोंदविले पाहिजे.

नारिकोसो : घाईने झालेला आरंभ

कांदावू प्रांतातील ओनो बेटावरील नारिकोसो गावाचा अनुभव याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. येथेही किनारा खचत होता व गावाने साहाय्य मागितले होते. २०१२ च्या सुमारास लष्कराच्या अभियंत्यांनी गावामागील टेकडी यंत्रांनी कापून जागा सपाट करण्यास आरंभ केला. भूस्तराचा पुरेसा अभ्यास न करता हे काम झाल्यामुळे उतार अस्थिर झाला, सुटलेली माती खाली वाहू लागली आणि कामाच्या ओघात कांदळवनाचीही हानी झाली. ज्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी हे काम हाती घेतले होते त्याच किनाऱ्याची स्थिती त्यामुळे अधिक नाजूक झाली.

त्यानंतर अभ्यास, चर्चा व विदेशी साहाय्य यांत बरीच वर्षे गेली. अखेर युरोपीय संघ व जर्मनी यांच्या साहाय्याने २०२० मध्ये समुद्रालगतच्या पहिल्या रांगेतील केवळ ७ घरांचे स्थलांतर पूर्ण झाले. उर्वरित गाव जुन्याच जागी राहिले. एक गाव वरचे व खालचे अशा दोन भागांत विभागले गेले. येथेही जमीन गावाचीच होती. म्हणजे जमिनीचा हक्क ही आवश्यक अट असली तरी ती पुरेशी अट नव्हे. कामाचा क्रम, तांत्रिक अभ्यास आणि 'थांबा' असे म्हणण्याचा गावाचा अधिकार या गोष्टीही तितक्याच आवश्यक असतात.

शासकीय धोरणाची जोड

या अनुभवांनंतर फिजी शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये नियोजित स्थलांतराची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. स्थलांतर हा शेवटचा पर्याय मानावा, लोकांची संमती घ्यावी आणि स्त्रिया, वृद्ध व अपंग यांच्या गरजा विचारात घ्याव्यात, अशी त्यांची दिशा आहे. २०१९ मध्ये स्थलांतरासाठी स्वतंत्र विश्वस्त निधीचा कायदा झाला, २०२१ मध्ये हवामान बदल कायदा संमत झाला आणि २०२३ मध्ये कार्यपद्धतीचे तपशील निश्चित करण्यात आले. स्थलांतराची गरज भासेल अशा ४० हून अधिक गावांची यादीही शासनाने केली आहे.

धोरण व अंमलबजावणी यांतील अंतर मात्र कायम आहे. जानेवारी २०२१ मध्ये 'ॲना' चक्रीवादळाच्या अतिवृष्टीने वानुआ लेवूवरील नाम्बावातू गावाची जमीन भेगाळली व गाव राहण्यास असुरक्षित ठरले. तेथील कुटुंबांना त्यानंतर काही वर्षे तंबूंत काढावी लागली. कायदा व निधी असूनही नव्या जागेचा अभ्यास, रस्ता, पाणी व बांधकाम यांस काळ लागतो. त्या काळात मुलांचे शिक्षण व रुग्णांची शुश्रूषा तंबूतच होते.

'समूह' म्हणजे कोण?

लोकपुढाकाराच्या चर्चेत 'समूह' हा शब्द पुष्कळदा निर्विवाद मानला जातो. फिजीचा सामाजिक इतिहास पाहता तो तसा मानता येत नाही. १८७९ ते १९१६ या काळात ६०,००० हून अधिक भारतीय मजूर करारावर उसाच्या मळ्यांसाठी फिजीत नेण्यात आले. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचा अपभ्रंश होऊन त्यांना 'गिरमिटिया' हे नाव पडले. २००७ च्या जनगणनेत त्यांच्या वंशजांचे प्रमाण सुमारे ३८ टक्के होते. यांतील बहुसंख्य शेतकरी मातांगालीच्या जमिनी भाडेपट्ट्याने कसत आले. १९७६ च्या कायद्याने पट्ट्याची मुदत ३० वर्षांची झाली व १९९७ पासून अनेक पट्टे संपुष्टात येऊ लागले. नूतनीकरण न झालेली अनेक कुटुंबे सुवा, नौसोरी व लौतोका परिसरातील अनधिकृत वस्त्यांत गेली. या वस्त्यांपैकी कित्येक नदीकाठी व कांदळवनाच्या कडेला, म्हणजेच पुराच्या टापूत आहेत.

अनुकूलनाच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. वुनिन्दोंगोलोआच्या गावकऱ्यांना मागे सरकण्यासाठी स्वतःची जमीन होती. पूरप्रवण शेतात पट्ट्याने राहणाऱ्या ऊस उत्पादकाजवळ तशी जमीन नाही, गोलीगोली नाही आणि बोसे वाकोरोत स्थानही नाही. पट्टा किती काळ टिकेल याची खात्री नसताना त्याने बांधबंदिस्ती किंवा वृक्षलागवड यांत पैसा का घालावा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. हा दोष मातांगालीच्या पद्धतीवर टाकणे योग्य ठरणार नाही. याच पद्धतीने वसाहतकाळात मूळनिवाशांना भूमिहीन होण्यापासून वाचविले. परंतु धोरण केवळ परंपरागत समूहालाच एकक मानू लागले, तर सर्वाधिक असुरक्षित असलेला वर्ग त्याच्या कक्षेबाहेर राहील.

जमिनीचा हा प्रश्न अन्यत्रही दिसतो. पापुआ न्यू गिनीमधील कार्टरेट या कंकणद्वीपांवर उंच जमीनच नाही. तेथील ज्येष्ठांच्या मंडळाने 'तुलेले पेइसा' ही स्वतःची संस्था स्थापन केली. 'स्वबळावर लाटा पार करणे' असा या नावाचा अर्थ आहे. उर्सुला राकोवा यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने बूगनव्हिल बेटावर स्थलांतराची योजना आखली. पुढाकार, संघटना व योजना हे सर्व असूनही जमीन मात्र कॅथलिक चर्चने दिली तेवढीच मिळाली व मोजक्याच कुटुंबांना तेथे वसता आले. ज्या समूहाजवळ मागे सरकण्यास जमीन नाही, त्याचा पुढाकार दुसऱ्याच्या औदार्यापाशी येऊन थांबतो.

उच्च शिक्षणसंस्थांची भूमिका

उथुनीवानुआच्या प्रयोगात विद्यापीठाची भूमिका विशेष लक्षणीय आहे. अध्यापकांनी प्रश्न ठरवून गावात प्रवेश केला नाही; गावाने प्रश्न आणला. त्यांनी दोरी, खुंट्या व वही एवढ्या साधनांनी चालणारी पद्धत दिली आणि आकडे गावाच्या ताब्यात राहू दिले. बंदी सुरू ठेवावी की नाही हा निर्णयही त्यांनी घेतला नाही. संशोधनाचा अहवाल विद्यापीठाच्या कपाटात व गावाजवळ केवळ आठवण, असे जे चित्र सामान्यतः दिसते त्याहून हे निराळे होते. भूगोल, प्राणिशास्त्र, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन करावयाच्या कामाचे हे एक अनुकरणीय उदाहरण म्हणता येईल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. लोकपुढाकारातून अनुकूलन यशस्वी होण्यासाठी संबंधित समूहास जमीन व पाणी यांवर कायद्याने मान्य असा हक्क असणे ही मूलभूत अट आहे. हक्काविना होणारा सहभाग बहुधा श्रमदानापुरता मर्यादित राहतो.

२. हक्क असूनही तांत्रिक अभ्यास व योग्य कार्यक्रम यांच्या अभावी हानी होऊ शकते. म्हणून काम सुरू करण्याइतकाच ते थांबविण्याचा अधिकारही गावास असला पाहिजे.

३. ज्या उपायांची देखभाल गाव स्वतः करू शकते तेच दीर्घकाळ टिकतात. म्हणून उपायाची निवड करताना बांधकामाच्या खर्चाबरोबर दुरुस्तीची क्षमताही विचारात घ्यावी.

४. ग्रामसभेची संमती ही सर्वांची संमती असतेच असे नाही. स्त्रियांच्या दैनंदिन कामाशी निगडित बाबी आराखड्यात स्वतंत्रपणे तपासल्या जाणे आवश्यक आहे.

५. परंपरागत समूहाबाहेरील पट्टेदार व भूमिहीन यांच्यासाठी दीर्घ मुदतीची पट्टासुरक्षा व पर्यायी जागा यांची स्वतंत्र तरतूद केल्याखेरीज अनुकूलनाचे धोरण न्याय्य ठरणार नाही.

लहान बेटांवरील ग्रामीण समाजांकडे केवळ हवामान बदलाचे बळी म्हणून पाहण्याची प्रथा अपुरी आहे, कारण त्यांनी स्वतःच्या संस्थांच्या बळावर बरेच काही साध्य केले आहे. त्याचबरोबर त्यांच्या चिवटपणाचा केवळ गौरव करून सर्व भार त्यांच्यावरच सोपविणेही उचित नाही. वुनिन्दोंगोलोआने आपले लाकूड, श्रम व जमीन दिली, तरी घरे उभी राहण्यास आठ वर्षे लागली. असा काळ कमी करणे ही शासनाची व समुद्रपातळी वाढविणाऱ्या उत्सर्जनास प्रामुख्याने कारणीभूत असलेल्या राष्ट्रांची जबाबदारी आहे.